तुझा चष्मा, तुमचा चष्मा

आमच्या घरात रोज सकाळी दोन चष्मे हरवतात. 'आई, तुझा फ्रिजवर आहे' आणि 'बाबा, तुमचा पेपरखाली सापडला' अशा दोन हाका मी एका दमात मारतो. चष्मे सारखेच, काड्या दोन्हींच्या ढिल्या. तरी आईला 'तुझा' आणि बाबांना 'तुमचा'. हे मला कुणी शिकवलेलं नाही. देवालाही आपण 'तुझा'च म्हणतो, म्हणजे आईला सोबत चांगली आहे.

आणि हा 'तुझा' आईकडे बघतसुद्धा नाही. त्याचं सगळं लक्ष वस्तूकडे. तुझा चष्मा, तुझी छत्री, तुझं पाकीट. मालक बाई की बुवा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अरबीत नेमकं उलटं. पुरुषाला 'तुझं पुस्तक' म्हणायचं तर 'किताबुका', बाईला म्हणायचं तर 'किताबुकि'. पुस्तक बिचारं आहे तिथेच. शेजारची कन्नड 'निन्न' म्हणून दोन्ही भानगडींतून मोकळी होते. आदर हवा असेल तर 'निम्म'. बंगालीत लिंगाची कटकट नाही, पण पायऱ्या तीन: तोर, तोमार, आपनार. तुर्कीत वेगळा शब्द खर्चायचीही गरज नाही. 'एव' म्हणजे घर, 'एविन' म्हणजे तुझं घर. फ्रेंच आपल्यासारखीच वस्तूचं लिंग बघते, पण मैत्रीण 'आमी', म्हणजे स्वराने सुरू होणारी, म्हणून तिला 'ता' सोडून पुल्लिंगी 'तों' लावते. कानाला खटकू नये म्हणून व्याकरण बाजूला ठेवणारी माणसं मला आवडतात. इंग्रजीतही एके काळी 'दाय' होतं. आता ते प्रार्थनेपुरतं उरलं आणि राजापासून मांजरापर्यंत सगळ्यांना 'युअर'.

मराठीत खरी पंचाईत 'आपला'ची. समोरच्याला मान द्यायचा तरी 'आपला', आणि त्याला आपल्यात ओढायचं तरी 'आपला'च. मागे एका लग्नात फेटेवाल्या अनोळखी काकांनी मला विचारलं, "आपली गाडी कुठे लावलीय?" इतक्या अदबीनं मला सहसा कुणी विचारत नाही. मी खुशीत किल्ली काढली आणि त्यांना मांडवामागे घेऊन गेलो. काकांनी माझ्या स्कूटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, आपली! वऱ्हाडाची बस!"

ते बस शोधायला गेले. मी आपला स्कूटरपाशी उभा.