सेकंडहॅन्ड गाडी नावावर करायची? आधी आरसीवर बोजा आहे का बघा

गाडी बघणं, भाव ठरणं वगैरे पटकन झालं. २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट, नाशिकच्या सिडकोतल्या एका काकांची. लोन विचारलं होतं, पण मी कंत्राटी, फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या टॅक्सचा दाखला) नाही, त्यामुळे व्याजदर असा सांगितला की हात जोडले न भिशीचे पैसे न मेव्हण्याकडून उसने घेऊन गाडी घेतली.

घोडं अडलं आरसीवर. काकांनी लोन केव्हाच फेडलेलं पण फायनान्स कंपनीचा बोजा तसाच, आणि हा बोजा, म्हणजे एचपी (हायपोथिकेशन), उतरल्याशिवाय किंवा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. बोजा उतरवायला कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) न सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. ब्रांचला गेलो तर म्हणे एनओसी इथे मिळत नाही, हेड ऑफिसहून पोस्टाने येते, आणि येते कुठे तर लोनच्या कागदावरच्या पत्त्यावर, काकांनी तो भाड्याचा फ्लॅट सोडून जमाना झाला! पत्ता बदला म्हटलं तर काकांच्या नावाचं लाइटबिल आणा, आणि घर तर मुलाच्या नावावर. आधार दाखवलं तर "सिस्टीम घेत नाही सर". ब्रांच उघडी नेमकी माझ्या शिफ्टच्या टायमाला, म्हणजे दरवेळी खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. शेजारच्या टेबलावर नवीन गाडीच्या लोनची फाईल घेऊन शोरूमचा पोरगा बसलेला, गिऱ्हाईक स्वतः आलेलंच नाही. डोकंच फिरलं.

शेवटी काकांच्या ईमेलवरून (कर्ज त्यांच्या नावावर, म्हणून त्यांच्याच) कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार असं स्पष्ट लिहून. लगेच फोन आला न मग आधारही चाललं. एनओसीवरची मुदत बघा, ती संपायच्या आत आरटीओत द्या.

पेठ रोडच्या आरटीओचं काम त्यामानाने सरळ झालं, गाडी नावावर करायचे फॉर्म २९ न ३०, चेसिस नंबरची कागदावर पेन्सिलने घेतलेली प्रिंट, बस.

गाडीच्या किमतीत न दिसणारे खर्च पण आहेत. काकांचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तो त्यांच्याकडेच राहतो. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनवर ठरतो, १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ न वर जीएसटी, म्हणजे गाडी दीड लाखाची असो की दहा लाखांची, सीसी तेवढंच तर हप्ता तोच. हे मला अजूनही पटत नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटीचे (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) ७४५ न जीएसटी वेगळे, विकणाऱ्याने बसवलीय का ते भाव करतानाच विचारा.

हां, ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर पण जातो, त्यांना आधी फोन करून ठेवा. आमचे काका दुपारी झोपतात.