रोपरची वाफेची सायकल : हँडल आणि थ्रॉटल जोडून झाले

मागच्या वेळी माझ्या मॉडेलची चाकं उभी राहिली होती. या महिन्यात हँडल आणि थ्रॉटल (इंजिनाला जाणारी वाफ कमी-जास्त करणारी झडप) लागले, आणि गुरुवारी रात्री कॉम्प्रेसरच्या हवेवर मागचं चाक पहिल्यांदा फिरलं. फूटभर लांबीच्या मॉडेलचं ते फिरणं मी किती वेळ बघत बसलो होतो, सांगता येणार नाही.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: मूळ गाडी सिल्व्हेस्टर हॉवर्ड रोपर यांची. १८२३ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला हा माणूस बॉस्टनजवळ रॉक्सबरीत काम करायचा. १८६९च्या सुमारास बनवलेली त्यांची वाफेची सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. लाकडी सांगाडा, दोन चाकांच्या मधोमध कोळशाची भट्टी आणि बॉयलर. पाण्याची टाकी तीच बसायची जागा, तिच्यामागे धुराडं. दोन्ही अंगांना एकेक सिलिंडर, आणि त्यांचे दांडे थेट मागच्या चाकाच्या क्रँकला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या भुजेला. साखळी नाही, गिअर नाही. पॅरिसची मिशो-पेरो ही वाफेची दुचाकी साधारण याच काळातली. पहिली मोटरसायकल कोणाची यावर लोक भांडतात, पण मी रोपर निवडले ते त्यांच्या हँडलसाठी.

त्या हँडलचा आडवा दांडा अख्खा फिरतो. एकीकडे पिळला की थ्रॉटल उघडतो, उलटा पिळला की पुढच्या चाकावर चमच्याच्या आकाराचा ब्रेक दाबला जातो. हात मुठीवरून काढायचाच नाही! आपण रोज स्कूटरची मूठ पिळतो, तेव्हा हीच कल्पना वापरतो.

माझं मॉडेल १:६ मापाचं आहे, म्हणजे ३४ इंची चाक १४४ मिलिमीटरचं. हँडलला ३ मिलिमीटरची पितळी सळई घेतली आणि दोन बुशांत (आधाराच्या छोट्या नळ्यांत) बसवली. थ्रॉटल ओढायला आधी मासे पकडायची तंगूस लावली. सळईवर ती घसरायची, म्हणून ०.८ मिलिमीटरचं आरपार भोक पाडून त्यात ओवली. घसरणं थांबलं, पण बॉयलर तापवल्यावर तंगूस ताणली गेली आणि थ्रॉटल अर्धाच उघडू लागला. दोन रविवार यातच गेले. शेवटी मिरजेत सतारीची पोलादी तार मिळाली. तिला उष्णतेचं काही वाटत नाही आणि ती वळतेही छान.

खरी मेख पुढेच होती. हँडल डावीकडे वळवलं की तार ताणली जाऊन थ्रॉटल आपोआप उघडायचा. गाडी वळणावर जोर धरणार, हे काही चालायचं नाही. मग हेड, म्हणजे हँडल ज्यावर वळतं तो उभा दांडा, पोकळ केलं आणि तार त्याच्या बरोबर मध्यातून खाली उतरवली. आता हँडल कितीही वळवा, तारेची लांबी तीच राहते.

बॉयलर तांब्याचा, चांदीच्या झाळणीचा. पाणी भरून ४ बार दाबाला तपासला, चालवणार २ बारवर. खालच्या कड्याशी पाण्याचा एक थेंब फुगला, तो सांधा पुन्हा झाळून घेतला. ही तपासणी पाण्यानेच करा, हवेने कधीही नको. सांधा फुटला तर हवा तुकडे उडवते, पाणी नुसतं गळतं.

हे करताना १ जून १८९६ आठवत राहतो. बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या चार्ल्स रिव्हर ट्रॅकवर ७२ वर्षांचे रोपर कोलंबिया नावाच्या ब्रँडच्या सायकलवर बांधलेलं आपलं नवं वाफेचं यंत्र पळवत होते. मैलभर अंतर २ मिनिटं १.४ सेकंदांत कापलं. मग गाडी डळमळली, ते पडले आणि गेले. कारण हृदयविकाराचं निघालं. त्या वयात त्या वेगाने स्वतःचं यंत्र चालवणाऱ्या माणसासमोर मी मनापासून हात जोडतो.

पुढचं काम बॉयलरला पाणी देणारा पंप. त्याच्या झडपेला २ मिलिमीटरची स्टीलची गोळी पुरेल की ३ची घ्यावी? ज्यांनी या मापाचा पंप केला असेल त्यांनी जरूर सांगा, सोमवारी पितळ लेथवर चढवतोय.