दीड फुटावरचा उन्हाळा

एप्रिलातली संध्याकाळ, साडेपाचचा सुमार. चहा झालेला, ऊन कललेलं, खिडकीतून झुळूक येऊ लागलेली. आणि दारात पट्टा तोंडात धरून कुणीतरी उभं. त्या हलत्या शेपटीला नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं. शिवाय चपला सरकवता सरकवता आपण हवेचा अंदाज घेतो तो कपाळाने, जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर. तिथे खरंच बरं वाटत असतं. पण ज्याला फिरवायचं त्याचं पोट रस्त्यापासून फूट-दीड फुटावर आणि तळवे थेट डांबरावर. रस्ता एक, वेळ एक, उन्हाळे दोन.

डांबराचा हिशोब आधी करू. हवा 30 अंशांवर असताना भर उन्हातलं डांबर 55 च्या पुढे गेलेलं असतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवाच 38-39 ला पोचते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात 43-44 चं कुणाला अप्रूप नसतं. तेव्हा रस्ता 60 सहज ओलांडतो, आणि 60 अंशांना पाच सेकंद टेकली तरी माणसाची कातडी भाजते. कुत्र्याच्या पंजाखालच्या गाद्या आपल्या तळव्यांपेक्षा जाड आणि खरबरीत असतात हे खरं, पण शेवटी त्या गाद्याच, कोल्हापुरी वहाणा नव्हेत.

म्हणून निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्याला टेकवावी आणि सात सेकंद मोजावेत. तळहात नको, तो निबर झालेला असतो. सातच्या आत हात उचलावासा वाटला तर पट्टा परत खुंटीवर. ही परीक्षा गेटच्या आतल्या सावलीत घेऊ नये, तिथे सगळेच रस्ते पास होतात; जिथून चालायचं तिथेच घ्यावी. फिकट सिमेंट डांबरापेक्षा जरा कमी तापतं, पेव्हर ब्लॉक आपापल्या रंगाप्रमाणे, ड्रेनेजचं लोखंडी झाकण तव्याच्या जातीचं, आणि गवत सगळ्यांत दयाळू. एखादं कुत्रं कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून शिस्तीत, एका ओळीत चालू लागलं तर ते वाहतुकीचे नियम शिकलं असं समजू नये. पांढरं कमी तापतं, एवढंच त्याच्या पायांना कळलेलं असतं.

भाजल्यावर कुत्रं ओरडेलच असं नाही. ते मागे मागे राहू लागतं, एक पाय उचलून धरतं, घरी आल्यावर पंजा चाटत बसतं. उलटून पाहिलं तर गादी नेहमीपेक्षा गडद, कुठे फोड, कुठे सालपट निघालेलं. अशा वेळी नळाच्या गार पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं पंजा धरायचा, स्वच्छ कापड सैलसर गुंडाळायचं आणि डॉक्टर गाठायचा. हळद, टूथपेस्ट, तूप हे घरगुती वैद्यक कुत्र्यावर चालवू नये. ते सगळं पहिल्या पाच मिनिटांत चाटून पोटात जातं.

संध्याकाळचा घोटाळा असा, की सूर्य कलला तरी रस्ता कलत नाही. दिवसभर पोटात साठवलेली उष्णता डांबर-सिमेंट रात्री उशिरापर्यंत सोडत बसतं. साडेपाचची ती झुळूक कपाळापुरतीच असते. खाली गाद्यांना साडेआठ-नऊपर्यंत धग जाणवते. खरी वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याआधीचा तास, कारण रस्त्याला निवायला अख्खी रात्र मिळालेली असते. इथे घड्याळापेक्षा पंचांग बघावं. मे महिन्यात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर नागपूरला साडेपाचच्या. म्हणजे मुंबईचा आळस नागपुरात अर्धा तास महाग पडतो, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, त्या अर्ध्या तासाची किंमत कळते.

बाजारात कुत्र्यांचे बूट मिळतात. घालून पाहिले तर पहिली पाच मिनिटं कुत्रं घोड्यासारखे पाय उचलत चालतं आणि चौथा बूट हमखास कुठेतरी पडतो. थोडं अंतर तुडवायचंच असेल, दवाखान्यात न्यायचं असेल, तर ठीक. पण ज्या रस्त्यावर बूट लागावेत त्या रस्त्यावरची हवाही कुत्र्यासाठी वाईटच असते, आणि हवेला बूट घालता येत नाहीत.

कारण घामाचा कारभार. माणूस सगळ्या अंगाने घामेजतो. घाम उडतो, अंग निवतं. कुत्र्याच्या कामाच्या घामग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांत. फरशीवर उमटलेले ओलसर पंजे दिसतात ते हेच, पण त्याने अंग निवत नाही. त्याचा खरा कूलर तोंडात आहे. स्वस्थ पडलेलं कुत्रं मिनिटाला पंधरा ते तीस श्वास घेतं. लहा लहा करू लागलं की तेच तीनशेच्या घरात जातात. हवा मुख्यतः नाकातून आत घ्यायची, नाकातल्या ओल्या पडद्यांवरून फिरवायची आणि ऊन झालेली वाफ तोंडातून सोडायची. एवढ्या वेगाने भाता चालवून ते थकत कसं नाही? फासळ्या आणि फुप्फुसं स्प्रिंगसारखी आपल्या अंगच्या लयीत उघडमीट करतात, त्यामुळे श्रम कमी पडतात. झोक्याला योग्य वेळी हलका हात द्यावा, तसं.

हा कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, दमट हवेत अडतो, अगदी घरातल्या कूलरसारखाच. म्हणून अकोल्याच्या कोरड्या 38 पेक्षा रत्नागिरीचे घामट 33 कुत्र्याला जड जाऊ शकतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात तापमानाचा आकडा बघून "आज फार नाही" म्हणणं फसवं. तिथे आपल्या शर्टाकडे बघावं. पाठीला चिकटून वाळत नसेल तर कुत्र्याच्या जिभेवरचंही वाळत नाही.

फिरताना लक्ष ठेवायचं तेही जिभेवरच. साधी धाप असते तेव्हा जीभ तोंडाच्या मापात हलते. अंग तापू लागलं की ती लांब लोंबते, टोक उलथन्यासारखं पसरून वर वळतं, ओठांचे कोपरे मागे ओढले जातात. हे दिसलं की परत फिरावं, तेही सावलीच्या बाजूने, थांबत थांबत. तोंडाला कापडी मुसकं घट्ट बांधून तर उन्हात नेऊच नये. जीभ बाहेर येत नाही म्हणजे कूलर बंद. मुसकं लागणारंच असेल तर जाळीचं, आत तोंड पुरतं उघडेल असं.

काही कुत्र्यांचा कूलरच मुळात छोटा. पग 2003 च्या आसपास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून घराघरांत पोचला. त्याचं चपटं नाक गोड दिसतं, पण हवा निवायला त्यात जागाच नाही. बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर त्याच वाटेचे. अंगाने सुटलेला लॅब्रेडॉर, म्हातारं कुत्रं, हृदयाचं दुखणं असलेलं, यांनाही तीच पथ्यं. आणि लातूर-सोलापूरकडची सडपातळ कारवानी कुत्री उन्हाला सरावलेली असली तरी भर दुपारी ससा दिसल्यावर धावून तापतातच. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने तिथल्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्माघाताच्या दर चारांतले जवळपास तीन प्रसंग धावण्या-खेळण्या-चालण्यातून आलेले निघाले. बंद गाडीत कुत्रं ठेवू नये हे आता बहुतेकांना ठाऊक आहे (काच चार बोटं उघडी ठेवून काही साधत नाही, दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं). पण चेंडूची भीती कुणाला वाटत नाही. लॅब्रेडॉरला चेंडू टाकत राहिलं तर तो पडेपर्यंत आणत राहतो. थांबायचं कधी हे चेंडू फेकणाऱ्याने ठरवायचं असतं.

हौशी लोक मार्च आला की हस्की, गोल्डन, पॉमेरेनियन यांचं मुंडण करून आणतात. हेतू चांगला, काम उलटं. बाहेरचे लांब केस उन्हाला अडवतात, खालची लव उष्णता कोंडते. तेव्हा फणीने, ब्रशने, आठवड्यातून तीन-चारदा खालची लव उपसून काढायची. ढीग बघून दुसरं कुत्रं तयार होईल असं वाटतं. पोटाखालचे आणि पंजांमधले केस कातरावेत. पाठ मात्र भादरू नये, कातडी थेट उन्हाखाली येते.

पाण्याचं माप दिवसाला किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर. दहा किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर-सहाशे, पंचवीस किलोच्याला सव्वा ते दीड लिटर, आणि उन्हाळ्यात याहून जास्त. घरात दोन ठिकाणी ठेवावं. स्टीलचं भांडं गॅलरीच्या उन्हात तापतं, त्यापेक्षा मातीचं पसरट परळ बरं. माठातलं पाणी चालतं, बर्फाचा खडाही चालतो. दमून आल्यावर मात्र एकदम ढोसू देऊ नये. अर्धी वाटी, पाच मिनिटं, परत अर्धी वाटी. नाहीतर प्यालेलं सगळं फरशीवर येतं.

खाणं पहाटे आणि रात्री. दुपारी भूक मंदावते, त्याची काळजी नको. पातळ ताक, बिनमिठाचं आणि बिनफोडणीचं, दोन-चार चमचे पुष्कळ झालं. कलिंगड बिया आणि साल काढून. आंब्याची कोय देऊ नये, ती गिळली की आतड्यात अडकून शस्त्रक्रियेवर जाते. द्राक्षं आणि बेदाणे तर विषारीच. सगळ्यांत अवघड प्रकरण कांद्याचं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवणारे आपण, प्रेमापोटी कुत्र्यालाही तो भाकरीबरोबर कुस्करून देतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, सगळा सारखाच.

घरात गार जागा शोधायचं काम त्याच्यावरच सोपवावं. दुपारी बाराला मऊ गादी सोडून ते मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर जातं, मागचे पाय बेडकासारखे पसरतं आणि पोट दगडाला चिकटवून सपाट होतं. पोटाला, जांघेत केस विरळ आणि रक्तवाहिन्या वरच, त्यामुळे उष्णता तिथून फरशीत उतरते. पाऊण तासाने तो तुकडा कोमट झाला की दोन फूट सरकून पुढचा धरायचा. विदर्भात मात्र कूलरपाशी सावध राहावं. टाकीतलं पाणी चाटायला ते तोंड घालतं, गळक्या टाकीखालच्या ओल्यात झोपतं, आणि अर्थिंग नसेल, पंपाची वायर उघडी असेल तर शॉक त्याला आधी बसतो. कूलरला पाणी भरताना प्लग काढायचा, टाकीला झाकण ठेवायचं.

एवढं करूनही एखादे दिवशी गडबड होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश, म्हणजे आपल्या हिशोबाने ते जन्मभर कणकणीतच असतं. 41 च्या वर गेलं की उष्माघात. हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ चिकट आणि दोरीसारखी, उलटी, झोकांड्या, कधी रक्ताची हगवण. अशा वेळी आधी गार करायचं, मग दवाखाना. क्रम चुकवू नये, वाटेत गेलेली वीस मिनिटं महाग पडतात. मोरीत घ्यायचं, बादली भरायची आणि तांब्यामागून तांब्या मानेवर, बगलेत, पोटावर, जांघांत. नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही. नळाचं साधं पाणी पुरतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी आधी सोडून द्यावं लागतं, ते कढत असतं. वर पंखा फुल. ओला टॉवेल पांघरून ठेवणं ही नेहमीची चूक: पाच मिनिटांत तो टॉवेल अंगाएवढाच गरम होतो आणि आतली वाफ कोंडतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये, फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल अजिबात नको. हा ताप नव्हे, त्यामुळे ती गोळी उतरवत काहीच नाही, यकृत मात्र नासवते. गुदद्वारात व्हॅसलीन लावलेला डिजिटल थर्मामीटर घालून दर पाच मिनिटांनी बघायचं, 39.5 ला आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर अंग थंडगार पडतं. मग ओलंच गाडीत घालून, एसी लावून किंवा काचा उघड्या टाकून निघायचं. याबाबतीत दोन्ही बाजूंनी उघडी रिक्षा फार गुणाची. ओल्या अंगाला वारा लागतो आणि प्रवासही उपचारात जमा होतो. घरीच उठून बसलं, शेपूट हलवली, तरी दवाखाना टाळू नये. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनीही वर येतो.

रस्त्यावरच्यांना पट्टा नाही, त्यामुळे त्यांना साडेपाचचं फिरणंही नाही. फाटकाबाहेर सावलीत सिमेंटची उथळ डोणी ठेवली तर पुरे, पण रोज पाणी उपसायचं आणि आठवड्यातून एकदा काथ्याने घासायची, नाहीतर कडांना चिकटलेल्या अंड्यांतून डेंग्यूचे डास होतात. दुपारी ही मंडळी वाळूच्या ढिगाचा वरचा तापलेला थर पंजांनी उकरून खालच्या ओलीत पसरतात, नाहीतर उभ्या गाडीखाली. म्हणून गाडी सुरू करण्याआधी वाकून बघायचं, बॉनेटवर दोन थापा मारायच्या, हॉर्न नको. कुत्रं उठतं, अंग झाडतं, आपल्याकडे जरा नाराजीने बघतं आणि रांगेतल्या दुसऱ्या गाडीखाली जातं. बहुधा सकाळपासून न हललेल्या, इंजिन गार असलेल्या गाडीखाली.