जुनाच गुडघा

मे महिन्यातला शुक्रवार. भुसावळात सकाळी सातलाच कूलर लावावा लागतो, तसले ते दिवस. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक उघडून मी पाणी भरत होते, तेवढ्यात जिन्यावर आवाज आला आणि काहीतरी वेगळं आहे हे मला तिथेच जाणवलं. दादा माझे जुने पेशंट, त्यांचा जिना चढण्याचा आवाज माझ्या ओळखीचा. उजवा पाय वरच्या पायरीवर, मग डावा त्याच पायरीवर, हात कठड्याला. सहा वर्षं मी तो ऐकत आले होते. त्या दिवशी एकच पाऊल वाजत होतं. बाहेर येऊन पाहिलं तर त्यांचा बारावीतला मुलगा सहा फूट चार इंचाच्या बापाला काखेत धरून वर आणत होता.

"ताई, संध्याकाळी मॅच आहे. तेवढं गुडघ्याला टेप करून द्या."

हे मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव लिहीत नाही, पण त्यांची उंची आणि रेल्वेची नोकरी सांगितली की भुसावळात ओळखणारे ओळखतीलच, हे त्यांनाही माहीत आहे.

दादा मूळचे साक्रीकडचे. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागले, म्हणजे बास्केटबॉल हीच त्यांची भरती आणि बास्केटबॉल हीच त्यांची ओळख. व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोटींचे करार येतात. आपल्याकडे या खेळावर घर चालवायचं तर रेल्वे, सैन्यदल, पोलीस, ओएनजीसी अशा ठिकाणी चिकटावं लागतं. दादांनी वीस वर्षं तेच केलं. खेळायची जागा सेंटरची, म्हणजे बास्केटखाली उभं राहून धक्के खायचे आणि रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केटवर आदळून परत येणारा चेंडू पकडायला, सतत उड्या मारायच्या. त्या दिवशी ते एक्केचाळीस वर्षांचे होते आणि संघातली बाकीची मुलं त्यांच्या निम्म्या वयाची.

त्यांच्या डाव्या गुडघ्याची फाईल माझ्याकडे जाडजूड आहे. पंचविशीत एका रिबाउंडनंतर ते दुसऱ्याच्या बुटावर उतरले आणि गुडघा पिळवटला. आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली. त्या वेळी ती काढून टाकली. या गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतला भाग फाटला तर सहसा सांधत नाही, म्हणून तेव्हा सर्रास काढत. आता शक्य असेल तिथे सर्जन टाके घालून ती वाचवतात. गादी गेली की मांडीचं हाड आणि नडगीचं हाड फार थोड्या जागेवर एकमेकांवर टेकतात आणि त्या जागेवरचा दाब दुपटीच्याही वर जातो. त्यात आपल्याकडची कोर्टं सिमेंटची. लाकडी कोर्ट थोडं तरी दबतं, सिमेंट काहीच घेत नाही, सगळं गुडघ्याला परत देतं.

तिशीत वाटीच्या खालच्या टोकाला दुखू लागलं. त्याला जंपर्स नी म्हणतात. बास्केटबॉलच्या अव्वल खेळाडूंत साधारण तिघांत एकाला ते गाठतं. पस्तिशीनंतर एक्स-रेत हाडांमधली फट कमी दिसायला लागली. दादा माझ्याकडे आले ते त्या सुमारास. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, पंचेचाळीस सेकंद धरायचं, असं पाच वेळा. मांडीची ताकद, पोटरीची ताकद, आठवड्यात किती उड्या मारल्या त्याची वहीत नोंद. ती वही त्यांनी सहा वर्षं ठेवली. एवढा शिस्तीचा पेशंट मला दुसरा मिळालेला नाही. तरी मोठ्या स्पर्धेनंतर गुडघ्यात पाणी व्हायचंच. मग बर्फ, पट्टी, चार दिवस आराम, पुन्हा कोर्ट.

म्हणून आदल्या रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला, "ताई, पाणी झालंय परत," तेव्हा मी पुढचं काही विचारलंच नाही. "बर्फ लावा, पाय उंच ठेवा, सकाळी या," म्हणून फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. ते एक मिनिट मला आजही खुपतं. दुसऱ्या कुणाचा फोन असता तर केव्हापासून, कसं, ताप आहे का, हे सगळं विचारलं असतं. दादांचा गुडघा म्हटल्यावर उत्तर माझ्याकडे तयारच होतं.

टेबलावर बसल्यावर त्यांनी पाय सरळ केला नाही. गुडघा थोडा वाकवून खाली उशी ओढून घेतली. पाणी भरलेल्या गुडघ्याला तसंच बरं वाटतं, त्या कोनात सांध्याच्या पिशवीत सगळ्यात जास्त जागा होते. इथपर्यंत सगळं नेहमीसारखंच. मग मी हाताची पाठ आधी उजव्या गुडघ्यावर ठेवली. निरोगी गुडघा पोटरीपेक्षा किंचित गार लागतो, तसा तो होता. डाव्यावर ठेवली. मांडी, गुडघा, पोटरी असा हात तीनदा फिरवून पाहिला. झीज झालेला गुडघा पाणी झाल्यावर कोमट लागतो, इतका तापत नाही. कातडी ताणून चकाकत होती आणि वाटीच्या आतल्या बाजूला लाली होती.

टाचेखाली दोन बोटं घालून मी पाय जेमतेम दोन इंच उचलला. दादांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला. त्यांच्या वाटीखालच्या टेंडनवर मी अंगठ्याने रगडत असायचे आणि ते मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलत राहायचे. तोच हा माणूस. जुन्या झिजेत गुडघा पूर्ण वाकवताना दुखतो, पूर्ण सरळ करताना दुखतो, पण मधला थोडा तुकडा तरी बिनतक्रार हलतो. इथे तो तुकडाच उरला नव्हता. नाडी एकशे बारा. थर्मामीटर नव्व्याण्णव दाखवत होता, पण पहाटे पाचला तापाची आणि दुखण्याची गोळी घेऊन झाली होती, म्हणजे त्या आकड्याला काही अर्थ नव्हता.

"दादा, एवढ्यात गुडघ्यात काही टोचून घेतलंत का?"

"नाही."

ते कूलरकडे बघत होते. दाराशी उभा असलेला मुलगा म्हणाला, "पप्पा, सांगा ना."

रविवारी घेतलं होतं. स्टेरॉइडचं. सोमवार-मंगळवार पाय इतका हलका होता की त्यांनी सराव केला. बुधवारी रात्रीपासून ठणका. इंजेक्शननंतर पहिले एक-दोन दिवस कधीकधी दुखणं वाढतं आणि आपोआप उतरतं, ते वेगळं. हे आधी बरं वाटून मग चढलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हटल्या होत्या ना मार्चमध्ये."

म्हटलं होतं. शब्दसुद्धा आठवतात. "ते इंजेक्शन घेऊन कोर्टवर उतरणार असाल तर माझ्याकडे येऊ नका." दुखणं दाबून उड्या मारल्या की उरलेली कुर्चाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरणही जातं, हे सांगायचं होतं मला. सांगितलं ते असं. वहीत एकेक उडी लिहिणाऱ्या माणसाने माझं वाक्य शब्दशः पाळलं आणि इंजेक्शन माझ्यापासून लपवलं.

सांध्यात सुई गेल्यानंतर तो तापला, सुजला आणि जरासुद्धा हलू देईना, तर जंतुसंसर्ग धरायचा, आणि तो नाही असं सिद्ध होईपर्यंत दुसरं काही धरायचं नाही. कॉलेजात हे पाठ केलं होतं, समोर पहिल्यांदाच पाहत होते. सगळी काळजी घेऊनही क्वचित असं होतं, म्हणून इंजेक्शन कुणी दिलं यावर मी काही लिहिणार नाही. घाई असते ती कुर्चेसाठी. जंतू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी यांच्यातून जी रसायनं सुटतात ती कुर्चा खातात, आणि त्यांना काही दिवस पुरतात. दादांकडे कुर्चा होतीच किती!

जळगावच्या ज्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी पेशंट पाठवते त्यांना फोन लावला. त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. तोंडाने काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. आतलं पाणी तपासायला घेईपर्यंत अँटिबायोटिक देऊ नका, नाहीतर जंतू सापडणार नाही. आणि लगेच निघा.

दादा ऐकेनात. टेप करा, दहा मिनिटं तरी उतरतो, सेमीफायनल आहे. रागावले की ते अहिराणीत जातात. "गुडघा मना शे, माले माहीत शे."

मी आवाज चढवला नाही. मार्चमध्ये तो चढवून झाला होता. म्हटलं, "दादा, या गुडघ्याची सगळी दुखणी तुम्हाला पाठ आहेत. आजचं त्यांतलं आहे का? तुम्हीच सांगा."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नही."

आणि मुलाकडे हात करून म्हणाले, "फोन दे. कॅप्टनले सांगस."

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पाय आडवा ठेवून आम्ही निघालो. साकेगाव, वाघूरचा पूल, नशिराबाद, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याला मागून दात आवळल्याचा आवाज यायचा. मध्येच ते म्हणाले, "ताई, वेडचीपण गादी काढली होती ना?" अमेरिकेच्या ड्वेन वेडबद्दल आम्ही पूर्वी बोललो होतो. कॉलेजात असताना, २००२ मध्ये, त्याचा मेनिस्कस काढला होता, आणि त्यानंतर तो २०१९ पर्यंत खेळला, पण त्या गुडघ्याने त्याला छळलं. दादांचा खरा जीव मात्र टिम डंकनवर. त्याच्यासारखेच उंच, त्याच्यासारखेच बास्केटखालचे, आणि डंकनच्याही डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस २००० मध्ये फाटला होता. तो चाळिशीपर्यंत खेळला, हे दादा सगळ्यांना सांगत असत. त्या दिवशी मला म्हणाले, "त्याले बसवत व्हते ना मधी-मधी." खरं आहे. २०१२ मध्ये एका सामन्यात त्याच्या संघाने त्याला विश्रांती दिली आणि न खेळण्याच्या कारणाच्या रकान्यात चक्क 'म्हातारा' लिहिलं. पस्तिशीच्या खेळाडूला बाकावर बसवायला संघात दुसरे तयार असावे लागतात. दादांच्या संघात सहा फुटांवरची आणखी दोनच मुलं होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं तेव्हा मी शेजारी उभी होते. झिजलेल्या गुडघ्याचं पाणी गवताच्या रंगाचं आणि स्वच्छ असतं, सिरिंजमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतात. डॉक्टरांनी ती सिरिंज उजेडात धरली. पलीकडची त्यांची बोटंसुद्धा दिसत नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. तासाभरात आकडा आला. पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या पुढे गेल्या की संसर्ग धरूनच चालतात. या अठ्ठ्याहत्तर हजार होत्या. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं आणि संध्याकाळी दुर्बिणीने गुडघा उघडून कित्येक लिटर सलाईनने धुतला. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, नंतर स्टॅफिलोकॉकस निघाला. आपल्या कातडीवर आणि नाकात अनेकांच्या असतो तोच.

ऑपरेशन थिएटरबाहेर वहिनी बसल्या होत्या. साडेसात वाजले तशी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर केली. मॅच सुरू झाली असणार. मुलाचा फोन कितीदा तरी थरथरला, त्याने उचलला नाही. वहिनींनी मला विचारलं, "रात्री आले असते तर फरक पडला असता का?" हो म्हणाले. रात्री मीच बोलावून घ्यायला हवं होतं, हेही म्हणाले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. काय बोलावं ते दोघींनाही सुचलं नाही.

संघ हरला. किती फरकाने ते मी विचारलं नाही.

पुढचे सहा आठवडे अँटिबायोटिक, आधी शिरेतून, मग गोळ्या. मांडी घटून डावी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने बारीक झाली. गुडघ्यात थोडंसं पाणी राहिलं तरी मांडीचा आतला स्नायू मेंदूचं ऐकत नाही, त्यामुळे पाय नुसता सरळ ताठ करायला आम्हाला पंधरा दिवस लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता उडी नाही. पुढेमागे सांधा बदलावा लागेल, पण संसर्ग झालेल्या गुडघ्यात ती घाई करायची नाही. दादांनी वहीतलं उड्यांचं पान उलटलं आणि पुढच्या पानावर वाकण्याचे अंश लिहायला लागले. पासष्ट, ऐंशी, पंच्याण्णव, एकशे दहा.

मी मात्र आता जुन्या पेशंटला नव्यासारखंच विचारते. केव्हापासून, कसं, ताप, सुई. आणि मी नको म्हटलेलं काही केलं असेल तर तेही सांगा, रागावणार नाही, हे आधीच सांगून टाकते. रागावत नाहीसुद्धा.

श्रावणात, कानबाईच्या विसर्जनानंतरच्या आठवड्यात, त्यांनी मला कोर्टवर बोलावलं. पाऊस नुकता उघडला होता, सिमेंटवर अजून ओल होती, म्हणून मला धास्ती. ते फ्री थ्रोच्या रेषेवर उभे होते. बोर्डपासून ४.६ मीटर. या एका फेकीला पाय उचलावे लागत नाहीत. गुडघे थोडे वाकवायचे, पोटऱ्या, मग मनगट. मुलगा बास्केटखाली उभा राहून चेंडू परत देत होता. मी बाजूला उभी राहून डाव्या गुडघ्याचा कोन पाहत होते, चेंडू कुठे जातोय ते नाही. तीसेक फेकी झाल्यावर ते थांबले आणि मांडीवर हात ठेवून वाकले.

"दुखतंय का?"

"थोडं."

"कसं?"

त्यांनी जरा वेळ घेतला. "जुनं शे, ताई."

मुलाने बाकावर जागा केली. ते बसले, आणि मी हाताची पाठ आधी उजव्या गुडघ्यावर ठेवली, मग डाव्यावर.