न्हाणी, परसू आणि माडाखालचं सामान

रीलवर जे घरगुती प्रोजेक्ट दाखवतात ना ते बघायला मस्त वाटतात, पण त्यातलं निम्मं आमच्या गुहागरात टिकतच नाही. समुद्राची खारी हवा आणि जूनपासून चार महिने सगळीकडे ओल, त्यात प्लायवूड फुगतं, एमडीएफ तर विचारूच नका, आणि साध्या लोखंडी स्क्रूचे पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर तांबडे ओघळ. त्यामुळे मी आधी माडाखाली काय पडलंय ते बघते, दुकान नंतर.

फक्त स्क्रू आणि हुक दुकानातूनच आणायचे, आणि पितळी आणायचे. स्टीलचे हवे असतील तर ३१६ ग्रेड मागा, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून खाऱ्या हवेला ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा चांगलं तोंड देतं. दुकानदार म्हणेल "सगळं सारखंच हो ताई", ऐकू नका.

न्हाणीत साबणदाणी करायची तर करवंटीसारखी वस्तू नाही. नारळ फोडला की डोळ्यांच्या बाजूची अर्धी करवंटी ठेवायची. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो साध्या स्क्रूड्रायव्हरने टोचला तरी आरपार जातो, बाकीचे दोन कडक, त्यांना ड्रिल मारा नाहीतर सोडून द्या, पाणी निथळायला एक भोक पुरतं. वरची शेंडी-काथ्या सुरीने खरवडून काढायचा आणि मग पॉलिश पेपर, आधी जाडा ८० नंबर, मग २२० नंबर, आणि हे काम दुपारी ओटीवर बसून गप्पा मारत करायचं कारण वेळ लागतो. शेवटी खोबरेल चोळून उन्हात ठेवली की काळीभोर चकाकते. खालून गोल असल्यामुळे ती डुगडुगते, म्हणून सुंभाची चुंबळ करून तिच्यावर बसवायची. साबण पाण्यात लोळत नाही, त्यामुळे लगदा होत नाही.

पायाच्या भेगांचं मलम त्याहून सोपं. आठवडी बाजारात कोकमाच्या बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, मिळतं, त्याचा गोळा किसून खोबरेलात मिसळायचा आणि वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नको. थंडीत दोन्ही सारखं घ्या, मे महिन्यात मात्र मुठेल दुप्पट, कारण खोबरेल २४-२५ डिग्रीच्या वर पातळच राहतं आणि डबीत सगळं सूप होतं. डबी कोरडी ठणठणीत हवी, पाण्याचा थेंब गेला की बिघडलं. लावणीत चिखलात राहून पाय फुटतात तेव्हा सासूबाई रात्री हेच चोळतात, महागड्या क्रीमकडे बघतही नाहीत.

परसवात कामाला येतात ती सोडणं, म्हणजे नारळाची वरची काथ्याची सालं. पण ताजं सोडण तसंच कुंडीत कोंबू नका, त्यातलं टॅनिन रोपाला मानवत नाही. बादलीत भिजत घालून पाणी बदलत राहायचं, तपकिरी उतरायचं कमी झालं की समजा तयार. मग तुकडे करून कुंडीच्या तळाला घालायचे, उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात, आणि दोन दिवस गावाला गेलात तरी मोगरा मरत नाही. ऑर्किड असेल तर त्याला माती नकोच, नुसतं सोडणच सुंभाने आंब्याच्या फांदीला बांधा.

पावसाळ्यात मात्र कुंडीवर आच्छादन म्हणून पसरलेली सोडणं काढून टाका, त्यांच्याखाली गोगलगायी जमतात. त्याचाच उलटा फायदा पण घेता येतो, संध्याकाळी दोन-चार ओली सोडणं वाफ्यात पालथी घालायची आणि सकाळी उचलून बघायचं, खाली सगळी मंडळी चिकटलेली असतात. हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, मीठ वाफ्यात फेकू नका, नाहीतर गोगलगायींबरोबर अळूपण जाईल.