मँचेस्टर ते हॉवर्थ : एका चरित्रकर्तीच्या वाटेवर

मँचेस्टरच्या प्लिमथ ग्रोव्ह रस्त्यावरील ज्या घरात शार्लट ब्रॉन्टीचे चरित्र लिहिणाऱ्या कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल १८५० पासून १८६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिल्या, ते २०१४ पासून सर्वांना पाहता येते. धर्मोपदेशकाचा संसार आणि चार मुली सांभाळत गॅस्केलबाई येथे लिहीत असत. दिवाणखान्यात मी बराच वेळ रेंगाळले, कारण अनोळखी पाहुणे आले म्हणून त्यांची कादंबरीकार मैत्रीण शार्लट येथेच पडद्याआड लपली होती.

तेथून रेल्वेने हेब्डन ब्रिज आणि पुढे माळरानावरून जाणाऱ्या बसने ब्रॉन्टी कुटुंबाचे गाव हॉवर्थ गाठले. घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून चढावर दगड उभे बसवले आहेत, हे गॅस्केलबाईंनी नोंदवलेले बारकावे चढताना गुडघ्यांना पटतात. वर चर्च, दाटीवाटीची दफनभूमी आणि तिला लागूनच ब्रॉन्टींचे घर. १८५० च्या सरकारी अहवालानुसार या गावातील मृतांचे सरासरी वय २६ वर्षांपेक्षाही कमी होते. दूषित पाणी हे त्याचे एक मोठे कारण. घरातले जेवणाचे टेबल पाहताना मला चरित्रातला तो प्रसंग आठवला: तिघी ब्रॉन्टी बहिणी रात्री या खोलीत फेऱ्या मारत बोलत, आणि दोघी गेल्यावर शार्लट एकटीच फेऱ्या मारू लागली. मोलकरणीकडून अशी माहिती काढून घेण्यात गॅस्केलबाईंचा हात कोणी धरला नसता.

शार्लट ३१ मार्च १८५५ रोजी वारली आणि जूनमध्ये तिच्या वडिलांनीच गॅस्केलबाईंना चरित्र लिहिण्याची विनंती केली. १८५७ मध्ये ते दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यात वडिलांच्याच तापटपणाच्या ऐकीव कथा होत्या. त्या वृद्धाने त्यावर दाखवलेला संयम मला पुस्तकातील कित्येक पानांपेक्षा मोठा वाटतो. शार्लटच्या भावाला नादी लावल्याचा आरोप जिच्यावर केला होता, त्या लेडी स्कॉटने मात्र कोर्टाची धमकी दिली. गॅस्केलबाई तेव्हा इटलीत होत्या; वकिलामार्फत लंडनच्या ‘टाइम्स’ वृत्तपत्रात माघार छापावी लागली आणि तिसरी आवृत्ती सुधारून काढावी लागली.

याउलट, ब्रुसेल्सला जाऊन शार्लटच्या शिक्षकांना, कॉन्स्टँटिन हेगर यांना, त्या स्वतः भेटल्या होत्या, आणि त्या विवाहित गृहस्थाविषयी शार्लटला वाटलेली ओढ त्यांनी जाणूनबुजून झाकली. सांगोवांगीचे छापले, पक्के कळलेले दडवले! मैत्रिणीची अब्रू राखणे समजू शकते. परंतु परक्या स्त्रीची अब्रू तेवढ्याच काळजीने का राखली नाही, हा प्रश्न परतीच्या बसमध्येही माझ्या मनातून गेला नाही. शार्लटने हेगर यांना लिहिलेली पत्रे अखेर १९१३ मध्ये ‘टाइम्स’मध्येच छापली गेली.