किलबार्खनची खापरपणजी: १८५५च्या एका नोंदीने उघडलेली वाट

नवऱ्याच्या खापरपणजीपर्यंत मी जनगणनेच्या वाटेने पोचले होते, पण तिच्या माहेराचा काही केल्या पत्ता लागत नव्हता. तो आता लागलाय, आणि सोबत तिच्या दोन लेकींचाही माग मिळालाय. म्हणून या वेळची नोंद जरा सविस्तर.

आधी हाताशी काय होतं ते सांगते. स्कॉटलंडच्या रेनफ्रूशायरमधलं किलबार्खन हे हातमागाचं गाव, आणि तिचा नवराही विणकरच. १८४१च्या जनगणनेत तिचं वय २५ दिलंय. त्या वर्षी पंधराच्या पुढची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची पद्धत होती, त्यामुळे ती २५ ते २९ मधली कितीही वर्षांची असू शकते. घरातल्या माणसांचं एकमेकांशी नातं काय, हे १८४१ सांगत नाही. १८५१मध्ये वय ३९ आणि जन्मगाव शेजारचं लॉखविनॉख, इतकं नेमकं मिळालं. पण जनगणनेत ती सासरच्या आडनावाने. माहेरचं आडनाव माहीत नसताना पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दीच्या, रजिस्टरात शोधायचं तरी काय?

कोंडी फोडली ती धाकट्या मुलाच्या जन्मनोंदीने. मुलगा १८५५चा. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ला, आणि त्या पहिल्या वर्षी रकाने इतके भरगच्च होते की पुढच्याच वर्षी त्यांना कात्री लागली. तुमच्या शोधात १८५५ची एखादी जरी नोंद येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती काढा.

या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव आहे, वय ४३, जन्मगाव लॉखविनॉख, लग्नाचं साल आणि ठिकाण. हे तिचं आठवं अपत्य. शिवाय आधीच्या मुलांचा हिशेब: मुलगे चार हयात, मुलगी एक हयात, मुली दोन मृत.

या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. १८४१मध्ये घरात आठ वर्षांची एक मुलगी आहे, थोरली. १८५१मध्ये ती नाही, आणि मी धरून चालले होते की अठराव्या वर्षी ती कुणाच्या घरी कामाला गेली असेल. पण १८५१मध्ये सहा वर्षांची एक मुलगी दिसते आणि तिचं नाव थोरलीचंच आहे. हीच मुलगी १८६१मध्ये सोळा वर्षांची होऊन विणकरांसाठी कांड्या भरते आहे. म्हणजे १८५५ची एकुलती हयात मुलगी ती हीच. थोरली गेल्यावर तिचं नाव धाकटीला दिलं. स्कॉटलंडमध्ये ही रीत होतीच. थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवायचं, ही तिथली आणखी एक जुनी रीत. आजीचं नाव घरात राहायला हवं होतं. दुसरी मृत मुलगी मात्र एकाही जनगणनेत नाही. दोन जनगणनांच्या मधे ती जन्मली आणि गेली.

आडनाव हाती आल्यावर पुढचं भराभर जुळलं. लॉखविनॉखच्या रजिस्टरात बाप्तिस्मा सापडला, त्यातलं आईचं नाव थोरलीच्या नावाशी जुळतं. तिच्या स्वतःच्या मृत्युनोंदीतही आईवडील दोघांची नावं तीच, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. स्कॉटिश मृत्युनोंदीत हा रकाना असतो, आणि सूचीत विवाहित बाई माहेरच्या आडनावानेही शोधता येते. माझ्या माहेरची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहे. तिच्यात पणजोबांचे पणजोबा भेटतात, पण त्यांच्या बायका कुठल्या घरच्या, हे एकीचंही कळत नाही. त्यामुळे हा एवढासा रकाना मला फार मोलाचा वाटतो.

आणखी एक पिढी मागे जायचा प्रयत्न अजून फळलेला नाही. तिच्या आईचा जन्म १७८०च्या दशकातला असावा. १७८३ ते १७९४ या काळात रजिस्टरातल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि पुष्कळांनी तो चुकवायला नोंदच केली नाही. शिवाय ही रजिस्टरं फक्त सरकारमान्य चर्चची. वेगळ्या मंडळीत जाणाऱ्यांची नावं त्यांत बहुतेक वेळा नसतातच.

आता शोध त्या दुसऱ्या मुलीच्या नावाचा. पॅरिश रजिस्टरात तिचा बाप्तिस्मा नाही. १८४३मध्ये चर्च फुटून फ्री चर्च निघालं, त्यामुळे आधी इतर प्रेस्बिटेरियन (त्याच प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळ्यांची बाप्तिस्म्याची पुस्तकं बघणार आहे. मग कर्क सेशनचे, म्हणजे पॅरिशच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे, हिशेब, कारण शवपेटीवर घालायचं कापड चर्च भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्याची नोंद ठेवायचं. रेनफ्रूशायरच्या अशा हिशेबांत लहान मुलांची नावं कुणाला सापडली असतील, तर कोणत्या पॅरिशची आणि कोणत्या वर्षांची, ते नक्की कळवा.